रद्द न झालेली संध्याकाळ

जहाज कंपनीचं पहिलं पत्र आलं तेव्हा आमच्या घरातल्या कोटांची एकूण संख्या शून्य होती. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की सफरीच्या तिसऱ्या दिवशी 'औपचारिक संध्याकाळ' असून पुरुष प्रवाशांनी काळा कोट, कडक कॉलरचा पांढरा शर्ट आणि गळ्याला काळा बो अशा पोशाखातच भोजनगृहात यावं. अन्य पोशाखातल्या प्रवाशांना प्रवेश मिळणार नाही. मला ते पत्र फार आवडलं. हल्ली असं ठणठणीत वाक्य वाचायला मिळत नाही. मी ते दोनदा वाचून, कोपऱ्यात 'मिळाले' असं लिहून, खाली तारीख टाकून फाइलला लावलं. निवृत्त झालो म्हणून काय झालं, चौतीस वर्षं परिपत्रक शाखेत काढलेल्या माणसाचा हात आपोआप चालतो.

सफर लेकीनं काढून दिली होती, आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून. आमच्या हिनं त्या आठ दिवसांकडून एकच गोष्ट मागितली. बेटं नकोत, नाचगाणी नकोत. तिचं म्हणणं असं, की तीस वर्षांत आपण दोघं एकदाही एका वेळी जेवायला बसलेलो नाही. तुम्हाला गरम वाढता वाढता माझं मागे राहतं, आणि मी बसते तेव्हा तुम्ही हात धुऊन पेपर उघडलेला असतो. तर त्या संध्याकाळी खिडकीपाशी समोरासमोर बसायचं, सूर्य समुद्रात जाताना बघायचं आणि पहिला घास दोघांनी एकदम घ्यायचा. वाढायला दुसरं कोणीतरी असेल. मी बरं म्हणालो. ज्याला लेखी आदेश लागत नाही अशा कुठल्याही गोष्टीला मी घरात बरंच म्हणतो.

आता कोट. आमच्या तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे दर्यावर्दी म्हणतात. ते आयुष्यात एकदाच जहाजावर गेले आणि पाचही दिवस पोट धरून खोलीत पडून होते, पण तेव्हापासून समुद्राच्या बाबतीत त्यांना न विचारता कोणी काही केलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी मला जिन्यातच गाठून सांगितलं, की कोट जाड कापडाचा घ्या, समुद्रावर गारठा असतो. माझे साडू म्हणाले, पातळ घ्या, जहाजाच्या आत उकडतं. मेहुणी म्हणाली, कोट भाड्यानं मिळतात. परक्या माणसाचा घाम जिरलेला कोट अंगात घालायचा या नुसत्या कल्पनेनं मला खाज सुटली. शेवटी कोट शिवायचा ठरला आणि कापड मध्यम घेतलं, त्यामुळे सल्ला देणारे सगळेच नाराज झाले.

शिंप्याचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे, आणि ते इतकं अरुंद आहे की माप द्यायला दोन्ही हात पसरले तर एक हात रस्त्यावर जातो. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं कुठून तरी लांबून येतंय असं वाटतं. त्यानं मापं वहीत लिहिली आणि न विचारताच म्हणाला, की जहाजासाठी ना, असे तीन कोट शिवलेत मी. गळ्याला जरा घट्ट होतात. परत आल्यावर आणा, सैल करून देईन. त्या तिघांनाही हेच सांगितलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"आले नाहीत."

"बरोबर बसले असतील कोट."

त्यानं तोंडातली एक टाचणी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि ती परत तोंडात ठेवली. कोट मात्र त्यानं झकास शिवला. आतून गडद लाल अस्तर आणि बगलेत त्याचा खास तिरका दुहेरी टाका. मी तो घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा हिनंसुद्धा हातातलं काम थांबवलं. फक्त म्हणाली, की तुम्ही कोणी दुसरेच दिसताय.

कोट घरी आला त्याच दिवशी कंपनीचं दुसरं पत्र आलं: बो ऐच्छिक. आठ दिवसांनी तिसरं: कोट 'इष्ट' आहे, 'आवश्यक' नाही. आणि निघायला महिना उरला असताना चौथं आलं, त्यात म्हटलं होतं की बदलत्या काळानुसार 'औपचारिक संध्याकाळ' यापुढे 'प्रसन्न संध्याकाळ' म्हणून ओळखली जाईल. प्रवाशांनी ज्यात प्रसन्न वाटेल ते घालावं, पोहण्याचे कपडे सोडून. हे कळल्यावर दर्यावर्दी आमच्याकडे खास वर आले आणि कोट पाहून बराच वेळ मान हलवत बसले. हिला मात्र आनंद झाला. तिनं सुती कपडे आणि सपाट चपला बॅगेत टाकल्या आणि मलाही एक फुलाफुलांचा शर्ट दाखवला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. प्रश्न कोटाचा नव्हता. चार पत्रांत चार बोलायचं म्हणजे काय, याला काही पोच आहे की नाही?

मी चारही पत्रं शेजारी शेजारी मांडली, चष्मा पुसला आणि वाचू लागलो. तासाभरानं मला सापडलं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पत्रात कुठेही 'पूर्वीचे पत्र रद्द करण्यात येत आहे' असं वाक्य नव्हतं. वाचकांपैकी ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवा आदेश आला म्हणून जुना मरत नाही. जुन्याचा क्रमांक घालून, तारीख घालून, तो रद्द केला असं लिहावं लागतं. तसं लिहिलं नाही तर जुना आदेश जिवंतच असतो. या एका मुद्द्यावर मी चौतीस वर्षांत सहा साहेबांशी वाकडं घेतलं होतं आणि सहाही वेळा मला गप्प बसायला सांगितलं गेलं होतं.

तेव्हा मी सवयीनं जावक क्रमांक घालून कंपनीला लिहिलं: 'जो आदेश रद्द झालेला नाही तो अंमलात आहे, असे मी समजतो. कळावे.' उत्तर आलं, 'आपल्या सूचनेचे स्वागत आहे', आणि खाली हसऱ्या नांगराचं चित्र. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा नांगर. तिसऱ्यांदा लिहिल्यावर मात्र जे पाकीट आलं ते वेगळं होतं. जाड पिवळट कागद, टंकलेखन यंत्रावर ठोकलेली अक्षरं, खाली नाव नाही, नुसती लफ्फेदार सही. 'आपला मुद्दा बरोबर आहे. आपले आसन मूळ नियमानुसार राखून ठेवले आहे.'

आपला मुद्दा बरोबर आहे. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी तो कागद हिच्या हातात दिला. तिनं वाचला, नाकाशी नेला आणि म्हणाली की याला ओला वास येतोय. मी तो खिडकीत वाळत ठेवला, दुसऱ्या दिवशी त्यावरून इस्त्री फिरवली, पण निघेपर्यंत तो काही कोरडा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आम्ही खोलीतून बाहेर पडलो. ही सुती कपड्यांत, मी संपूर्ण पोशाखात. बोळातले सगळे प्रवासी बनियनवजा शर्टांत होते. लिफ्टपाशी एका बाईंनी माझ्या हातात रिकामा कप दिला. वळणावर एका गृहस्थांनी दोन जादा टॉवेल मागितले आणि खोलीचा क्रमांकही सांगितला. तिसऱ्यानं काही न बोलता माझ्या खिशात बक्षिशी घातली. ही तोंडाला रुमाल लावून चालत होती. मी मात्र ताठ चाललो होतो, त्याला एक कारण कॉलरही होती.

भोजनगृहाच्या दाराशी यादी घेऊन एक तरुण बाई उभी होती. यादीत हिचं नाव होतं, माझं नव्हतं. मी पिवळा कागद काढून दिला. तिनं तो वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतून मात्र गेलं. तिनं कागद दोन बोटांनी परत केला आणि जिन्याकडे हात केला. म्हणाली, खालच्या मजल्यावर.

"अहो, जाऊ द्या ना," ही म्हणाली. "ती बघा खिडकी. टेबल रिकामं आहे. इथे तुम्हाला कोणी अडवत नाहीये."

ते खरं होतं. पण यादीत नाव नसताना बसायचं म्हणजे उद्या कोणीही उठवणार. मी म्हणालो, पाच मिनिटांत नोंद दुरुस्त करून येतो.

"सूर्य सातला बुडतो," ती म्हणाली. "मी थांबते. पण आज मी तुमच्या आधीही जेवणार नाही आणि नंतरही नाही."

खाली जायला बावीस पायऱ्या होत्या, मी मोजल्या. शेवटच्या पायरीवर गालिचा पायाखाली मऊ लागला आणि वरचा सगळा गलका एकदम थांबला. दार उघडंच होतं. आत तितकंच मोठं भोजनगृह होतं, सगळे दिवे लागलेले, आणि चाळीसएक माणसं टेबलांवर बसलेली. पुरुष काळ्या कोटांत, बायका कोपरापर्यंत हातमोजे घालून. ताटल्या चकाकत होत्या आणि रिकाम्या होत्या. चमच्याचा आवाज नाही, खुर्चीचा नाही, खोकल्याचाही नाही. गोल खिडक्यांत आकाश नव्हतं. हिरवं पाणी काचेला टेकून उभं होतं आणि जहाज चालू असूनही ते हलत नव्हतं.

मी आत पाऊल टाकलं आणि सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. माझ्या अख्ख्या नोकरीत मी खोलीत आल्यावर कोणी उठलेलं नव्हतं; शिपाईसुद्धा फार तर पाय जरा आत घ्यायचा. मुख्य वाढपी पुढे आला, पांढरे हातमोजे, कमरेत वाकून. त्यानं मला माझ्या पत्राच्या जावक क्रमांकानं ओळखलं. मी सुखावलो, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं खुर्ची ओढली, मी बसलो, मग सगळे बसले. माझ्या समोरच्या खुर्चीपुढे हिच्या नावाची चिठ्ठी होती आणि खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'पोशाखात त्रुटी. प्रतीक्षेत.'

मी डावीकडच्या गृहस्थांना विचारलं, जेवण कधी वाढतात. ते मान न वळवता म्हणाले, कप्तान आल्यावर. मग कप्तान कधी येणार? ते म्हणाले, आले होते एकदा, पण अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. परत पाठवलं. नियम बदलल्यापासून कप्तान तसेच असतात, आणि तसे आले तर त्यांना आत घेता येत नाही.

"म्हणजे तुम्ही इथे किती दिवस बसला आहात?"

"दिवस कसले?" ते म्हणाले. "संध्याकाळच आहे अजून."

बोलताना त्यांचा कोट जरा उघडला. आत गडद लाल अस्तर होतं आणि बगलेत तिरका दुहेरी टाका. शिंप्याकडे लोक परत का आले नाहीत ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या गळ्याकडे पाहिलं तर कॉलर आणि कातडी यांच्यात शिवण दिसत होती, फट दिसत नव्हती. मी माझं वरचं बटण काढायला गेलो. ते निघेना.

मी उठायला लागलो तर मुख्य वाढप्याचा हात खांद्यावर आला, हलका आणि गार. त्यानं अदबीनं सांगितलं की भोजनापूर्वी उठता येत नाही. मी म्हणालो, वर नियम बदललाय, तिथे लोक कसल्याही कपड्यांत जेवताहेत. तेव्हा त्यानं कोटाच्या आतून एक कागद काढला आणि वाचला, "जो आदेश रद्द झालेला नाही तो अंमलात आहे, असे मी समजतो." चाळीस माना हलल्या. माझंच वाक्य, माझ्याच सहीचं. आयुष्यभर हे वाक्य कोणी मान्य करावं म्हणून मी धडपडलो होतो आणि आता ते मान्य झालं होतं.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी ओरडणं सुचत नाही. मी कोरा कागद मागितला. त्यानं लगेच दिला, दौत-टाकही दिला. मी मसुदा केला: 'संदर्भ: औपचारिक संध्याकाळबाबतचे मूळ पत्र. सदर पत्र याद्वारे रद्द करण्यात येत आहे.' तुम्हाला नवल वाटेल, पण चौतीस वर्षांत मी एकही आदेश रद्द केलेला नव्हता. आमची शाखा फक्त नवे काढायची.

वाढप्यानं मसुदा वाचला आणि म्हणाला, कारण नाही. मी लिहिलं, 'प्रशासकीय सोयीस्तव'. तो म्हणाला, कोणाची सोय? मी लिहिलं, 'बदलत्या काळानुसार'. त्यानं खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. माझ्याजवळची ठेवणीतली कारणं संपली. तोपर्यंत कॉलर इतकी आवळली होती की श्वास पुरत नव्हता. मग मी जे खरं होतं ते लिहिलं: 'वर माझी बायको जेवायची थांबली आहे.'

वाढप्यानं ते मोठ्यानं वाचलं. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एक बाई म्हणाल्या, "आमचे हेसुद्धा वर थांबले होते." डावीकडचे गृहस्थ म्हणाले की त्यांचा भाऊ थांबला होता. कोणाची आई, कोणाची दोन मुलं. एकेक जण सांगत गेला आणि मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत गेलो. जागा संपली तेव्हा समासात लिहिलं. शेवटी वाढपी माझ्याजवळ आला, कागदाच्या तळाशी त्यानं ती लफ्फेदार सही केली आणि म्हणाला की कारण पुरेसं आहे.

सगळ्या खोलीत बटणं सुटल्याचा आवाज झाला. माझंही सुटलं. पुरुषांनी, मीसुद्धा, कोट आणि बो काढून खुर्च्यांवर ठेवले, बायकांनी हातमोजे ताटल्यांत ठेवले आणि सगळे माझ्या पुढून जिन्याकडे गेले. मी पाठोपाठ चढलो. बावीस पायऱ्या. वर पोचलो तर बोळात एकही माणूस नव्हता. गालिच्यावर ओल होती, ती माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. त्यांच्यासाठी कोणी थांबलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पण बोळाच्या टोकाच्या काचेतून सूर्य दिसत होता. अजून बुडाला नव्हता, चांगली पाच-सात मिनिटं होती. माझ्या जिवात जीव आला. मी शर्टाच्या बाह्या सरळ करत भोजनगृहाच्या दाराशी गेलो. यादीवाल्या बाईनं हात आडवा केला.

"सर, कोटाशिवाय प्रवेश नाही. आज औपचारिक संध्याकाळ आहे."

मी म्हणालो, असं कसं, ती आत्ताच रद्द झाली. ती म्हणाली, मधे बंद होती, गेल्या वर्षीपासून पुन्हा सुरू केली, प्रवाशांचाच आग्रह होता. मग तिनं मान वर केली. बाई तीच होती, पण तिला चष्मा लागला होता आणि कानांजवळचे केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं. यादी तिच्या हातातून खाली पडली.

मी काचेतून आत पाहिलं. सगळे पुरुष काळ्या कोटांत होते. खिडकीजवळच्या टेबलावर काळा लांब पोशाख आणि हातमोजे घालून एक म्हातारी बाई बसली होती, पुढे दोन सूपचे वाडगे, दोन्ही भरलेले. केस पूर्ण पांढरे. बसण्याची तऱ्हा मात्र मी कुठेही ओळखली असती.

माझा कोट खाली होता. बावीस पायऱ्या, जेमतेम पाच मिनिटांचं काम. मी जिन्याकडे वळून पाहिलंसुद्धा. खाली दिवे अजून लागलेले होते आणि शेवटच्या पायरीवर पांढरे हातमोजे घातलेलं कोणीतरी माझा कोट दोन्ही हातांनी उघडून, मला बाह्या घालायला सोपं जावं असा धरून उभं होतं. माझा पाय उचलला गेला होता, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी वळलो आणि यादीवाल्या बाईच्या बाजूनं, बिनकोटाचा, बिनबोचा, आत घुसलो. पंचवीस-तीस टेबलांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. ही उठली नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"पाच मिनिटं म्हणाला होतात," ती म्हणाली.

"किती झाली?"

"नऊ वर्षं. दर वर्षी याच जहाजानं येते. लेक रागावते." तिनं एकेक बोट ओढून हातमोजा काढला. "सगळे म्हणाले, समुद्रात पडले. दर्यावर्दी तर शोकसभा घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, शक्यच नाही. कठड्यावर वाकू नये अशी पाटी होती. हा माणूस वाकलाच नसणार."

मी खुर्चीवर बसलो. बोलायला तोंड उघडलं तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मागून यादीवाली बाई आणि आणखी दोघं-तिघं 'सर, सर' करत येत होते. सूर्याची कड पाण्याला लागली होती. हिनं एक चमचा माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि म्हणाली की मी तीन म्हणेपर्यंत थांबायचं.

एक म्हणाली, दोन म्हणाली, आणि तिथे तिला रुमाल डोळ्यांना लावावा लागला. मी चमचा वाडग्यावर धरून थांबलो.